कोड्याची दर्शनी बाजू

दशाश्वमेधावरून नाव प्रवाहाविरुद्ध, दक्षिणेकडे निघाली की आधी अहिल्याबाई घाट लागतो, मग मुन्शी घाट आणि त्याला लागूनच दरभंगा घाट. नावाडी वल्ही थांबवतो, प्रवासी मोबाइल वर करतात, आणि पायऱ्यांवर उभ्या असलेल्या त्या उंच दगडी वाड्याचे चित्र टिपले जाते. हा वाडा आणि घाट बांधणारे श्रीधर नारायण मुन्शी हे नागपूरचे मंत्री. 1915 मध्ये वाडा दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला, आणि आता तिथे हॉटेल आहे. चित्राखाली लोक नुसते ‘बनारस’ लिहितात. नागपूरच्या माणसाचे नाव पायऱ्यांना उरले आहे, पण चित्रात ते दिसत नाही.

काशीचे घाट नदीवरून पाहण्यासाठी बांधलेले आहेत. पुढून जाणाऱ्याला क्षणभरात काहीतरी कळावे, ही त्या दर्शनी भिंतींची गरज. हीच गरज आज एका अगदी वेगळ्या कारागिराला पडते: संगणकावरचा कोड्यांचा खेळ एकट्याने किंवा दोघातिघांनी तयार करणाऱ्याला. खेळांच्या ऑनलाइन दुकानात त्याचे चित्र शेकडो चित्रांच्या रांगेत असते आणि गिऱ्हाईक बोटाने ती रांग सरकवत असते. लढाईच्या खेळाला तलवार दाखवता येते, शर्यतीच्या खेळाला गाडी. कोडे मात्र डोक्यात घडते. त्याचे चित्र काय काढायचे? या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा मराठी मुलखातूनही जातो.

गंजिफा काशीतही बनत असत आणि सावंतवाडीतही. दशावतारी गंजिफेचे पत्ते गोल असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा अंक, म्हणजे एकूण 120 पत्ते. खेळ सोपा नाही. पाच रंगांत दहाचा पत्ता वजिराखालोखाल मोठा, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा खेळ रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. एवढे सगळे डोक्यात ठेवून खेळणाऱ्याला हातातल्या पत्त्यांच्या पंख्यात हवे ते पान झटकन सापडायला हवे. म्हणून चिताऱ्यांनी प्रत्येक अवताराला एक खूण दिली: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. शिवाय प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे मागची रंगभूल, वेगळी. राजाच्या पानावर अवताराचे पूर्ण चित्र असते, तिथे कुंचल्याला मोकळीक असते. अंकाच्या पानावर ती नाही. तिथे फक्त खूण, संख्या आणि जमिनीचा रंग. समईच्या उजेडातही चूक होऊ नये, एवढेच तिथे पाहायचे.

1970 च्या दशकात ही कला जवळपास संपली होती. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारखाना उभा केला. आज बहुतेक लोक गंजिफा शोभेची वस्तू म्हणून घेतात, खेळायला नाही. त्यामुळे अंकाच्या पानांमागचा विचार आपल्या नजरेतून सुटतो. लहान आकारात काय टिकते आणि काय बुजते, हा प्रश्न त्या चिताऱ्यांनी सोडवून ठेवला होता.

संगणकाच्या खेळांनी मात्र सुरुवात उलट टोकाकडून केली. 1977 मध्ये अमेरिकेत अटारीचे घरगुती यंत्र आले, तेव्हा पडद्यावर दिसत ते काही चौकोन. क्लिफ स्पॉनसारख्या चित्रकारांनी खोक्यांवर भरगच्च, हालचालींनी ओसंडणारी चित्रे रंगवली. चौकोनात विमान पाहायचे कसे, हे खेळणाऱ्याला त्या खोक्याने शिकवले. याला फसवणूक म्हणता येईल, पण मला ते अनुवादासारखे वाटते: मूळात जे सुचवलेले होते, ते दुसऱ्या भाषेत उलगडून सांगितले.

टेट्रिसच्या वेळी गोष्ट वेगळी झाली. 1984 मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव यांनी हा खेळ लिहिला. त्यांच्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून पडणारे ठोकळे कंसांच्या चिन्हांनी बनवलेले होते. त्या खेळात रशिया कुठेच नव्हता. भूमिती होती आणि उतरत जाणारा वेळ होता. तो अमेरिकेत 1988 मध्ये विकायला आला, तेव्हा खोका लाल होता, त्यावर सेंट बेसिल चर्चचे घुमट होते आणि नावातल्या ‘आर’च्या जागी रशियन लिपीतले उलट्या ‘आर’सारखे दिसणारे अक्षर होते. त्या अक्षराचा उच्चार ‘या’ होतो. म्हणजे रशियन वाचणाऱ्याला ते नाव ‘तेत्याइस’सारखे काहीतरी दिसणार. पण खोका त्याच्यासाठी नव्हताच. शीतयुद्धाच्या काळात पोलादी पडद्याआडून आलेली वस्तू, हे कुतूहल विकायचे होते, आणि ते विकले गेले. खेळ उत्तम होता म्हणून टिकला, पण मुखपृष्ठाने सांगितला तो देश. कोडे सांगितले नाही.

अनुवाद करणाऱ्यांना हे ओळखीचे आहे. भारतीय भाषांतली कादंबरी इंग्रजीत गेली की मुखपृष्ठावर साडीचा काठ, आंबा नाहीतर घाटावरचा दिवा येतो, मग कादंबरी चाळीतल्या भाडेकरूची का असेना. आपल्याकडे आता पुण्यात, मुंबईत, बंगळुरात खेळ तयार होतात. त्यांच्यापुढेही हाच मोह आहे. परदेशी गिऱ्हाइकाला काशीची किनार दाखवली की तो थांबतो, हे खरे. पण तो कशासाठी थांबला?

आजच्या दुकानाची बंधने आणखी कडक आहेत. स्टीम या मोठ्या ऑनलाइन दुकानाने 2017 मध्ये 100 डॉलर शुल्क भरणाऱ्या कुणालाही खेळ मांडायची मुभा दिली, आणि रांग प्रचंड लांबली. तिथले छोटे चित्र वर्षानुवर्षे 231 गुणिले 87 बिंदूंचे असे. काडेपेटीच्या लेबलाहून ते फार मोठे नव्हे. सप्टेंबर 2022 पासून दुकानाने नियम केला की या चित्रावर फक्त खेळातली कला, खेळाचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक असावे. पुरस्कारांची पाने, समीक्षकांचे तारे, सवलतीच्या पट्ट्या काढून टाकाव्या लागल्या. एका अर्थाने दुकानाने सगळ्यांना गंजिफेच्या अंकाच्या पानावर आणून बसवले: खूण, नाव आणि जमीन.

यात कोण चांगले निभावते? फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा 2019 मधला ‘बाबा इज यू’ पाहावा. या खेळात नियम पडद्यावर शब्दांच्या ठोकळ्यांत लिहिलेले असतात. शब्द ढकलले की नियम बदलतात. भिंत ‘थांबवते’ हे वाक्य मोडले की भिंतीतून चालत जाता येते. खेळाचे नाव हेच त्यातले पहिले वाक्य आहे. मुखपृष्ठावर तीन जाड शब्द मांडले की कोड्याचा नियमच दाराशी येऊन उभा राहतो. मराठीत ते कसे आणावे, यावर मी बराच वेळ घालवला आहे. आपले क्रियापद शेवटी जाते आणि ठोकळ्यांची रांग बिघडते. ‘बाबा म्हणजे तू’ असे केले तर जमते, पण काशीच्या पायरीवर ते वाक्य भलताच अर्थ घेऊन बसेल.

उलट टोकाला 2014 चा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ आहे. एशरच्या अशक्य इमारतींच्या वळणाचे मनोरे आणि त्यापुढे पांढऱ्या पोशाखातली छोटीशी मुलगी. तिथे इमारत ही सजावट नाही, तीच कोडे आहे. ती फिरवली की वाट जुळते. एकाने शब्द दाखवला, दुसऱ्याने वास्तू. दोघांनीही दाखवली ती खेळाची खूण, आणि उत्तर लपवून ठेवले.

मग मुन्शी घाटावर घडणाऱ्या कोड्याचे मुखपृष्ठ काय असेल? वाड्याचे स्तंभ, मावळता सूर्य आणि आरतीचे दिवे घातले तर ते आणखी एक ‘बनारस’ होईल. पण पावसाळ्यात इथे आलेल्याला वेगळे काही माहीत असते. गंगा चढते तशा पायऱ्या एकेक करून बुडतात, आणि एका घाटावरून दुसऱ्यावर पायी जायची वाट बंद होते. पाणी ओसरले की गाळाखालून तीच वाट परत काढावी लागते. कुठली पायरी पाण्याखाली आहे हे ठाऊक असणे, हेच इथले जगण्याचे कोडे. सपाट रंगाचे पाणी, त्यात अर्ध्या उतरलेल्या पायऱ्या आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबलेले एक माणूस, एवढे काडेपेटीच्या लेबलावर मावते.

वर नाव हवे. तिथे ‘बनारस’ न लिहिता ‘मुन्शी घाट’ लिहावे, असे मला वाटते. चित्र पाहून कुणी विचारील, हे मुन्शी कोण? दर्शनी बाजूने एवढा प्रश्न मनात सोडला तरी तिचे काम झाले.