विद्युत पिकअप ट्रक

विद्युत पिकअप ट्रक म्हणजे मागे उघडा हौदा असलेले आणि केवळ बॅटरीवरील विद्युत मोटरने चालणारे मालवाहू वाहन होय. रिव्हियन आर१टी (२०२१), फोर्ड एफ-१५० लाइटनिंग (२०२२) व टेस्ला सायबरट्रक (२०२३) ही अमेरिकेतील प्रमुख उदाहरणे आहेत. खरेदीपूर्वी त्यांची तुलना पुढील निकषांवर केली जाते.

पल्ला व ओढक्षमता

मोठ्या बॅटरीच्या लाइटनिंगचा अधिकृत कमाल पल्ला ३२० मैल (सुमारे ५१५ किमी) आहे. मात्र असे आकडे ट्रेलर न जोडता मोजलेले असतात. लाइटनिंग कमाल १०,००० पौंड (सुमारे ४,५०० किग्रॅ), तर आर१टी व सायबरट्रक ११,००० पौंड वजन ओढू शकतात. जड व उंच ट्रेलरमुळे हवेचा विरोध वाढून पल्ला निम्म्यापर्यंत घटू शकतो. कडाक्याच्या थंडीतही तो कमी होतो. त्यामुळे ओढक्षमतेच्या आकड्यावरून किती दूर ओढता येईल, हे कळत नाही.

हौदा व भारक्षमता

हौद्याची लांबी आर१टीमध्ये सुमारे साडेचार, लाइटनिंगमध्ये साडेपाच व सायबरट्रकमध्ये सहा फूट आहे. भारक्षमतेत प्रवाशांचे वजनही धरले जाते.

चार्जिंग व वीजपुरवठा

लाइटनिंगचे जलद चार्जिंग सुमारे १५० किलोवॅटपर्यंत होते. इतर दोन्ही ट्रक २०० किलोवॅटपेक्षा अधिक शक्ती घेतात. अनेक चार्जिंग केंद्रांवर ट्रेलर सोडवून ठेवावा लागतो. लाइटनिंगच्या काही आवृत्त्या अवजारांना ९.६ किलोवॅटपर्यंत वीज पुरवतात. आवश्यक उपकरणे बसवल्यास वीज खंडित असताना घरालाही त्यातून वीज मिळते.