गोदाकांठचीं शोकवस्त्रें

नाशिकच्या रामकुंडावर सकाळच्या वेळीं गेलें असतां एक दृश्य हटकून दिसतें. मुंडन केलेला एखादा मुलगा ओलेत्यानें पायरीवर बसलेला असतो आणि त्याच्या खांद्यावर मांजरपाटाची एक अरुंद पट्टी असते. ही पट्टी प्रेतवस्त्रांतून फाडून घेतलेली. तिला उत्तरीय म्हणतात. तिच्याच टोकांत मृताचें प्रतीक असा अश्मा, म्हणजे जीवखडा, बांधतात. दहाव्या दिवशीं पिंडाला कावळा शिवतो, जीवखडा पाण्यांत जातो आणि तें वस्त्रही अंगावरून उतरतें.

जाडेंभरडें कापड दुःखाची खूण कां व्हावें? ज्यांत देहाला सुख नाहीं तें नेसावें, एवढाच त्याचा सरळ अर्थ. प्राचीन यहुदी लोक शोकांत बकऱ्याच्या केंसांचें तरट गुंडाळीत, आणि पापाची क्षमा मागतांनाही तेंच. १०७७ सालीं जर्मनीचा राजा चौथा हेन्री पोपची क्षमा मागण्यासाठीं कानोसाच्या किल्ल्यासमोर ऐन हिवाळ्यांत लोकरीच्या साध्या वस्त्रानिशीं अनवाणी उभा राहिला. पंचवटीची कथाही यापासून फार दूर नाहीं. रामानें वल्कलें नेसलीं तीं पित्याच्या वचनासाठीं. नंदिग्रामीं वल्कलें नेसून राहिलेला भरत मात्र आईच्या अपराधाचें ओझें आपल्या अंगावर वागवीत होता. (रामानें दशरथाचें श्राद्ध रामकुंडावर केलें, ही नाशिकची श्रद्धा, वाल्मीकींनीं पिंडदान चित्रकूटाजवळ मंदाकिनीच्या तीरीं सांगितलें आहे.)

१६९६ सालीं बांधलेल्या या कुंडाची दुरुस्ती पुढें गोपिकाबाई पेशवे यांनीं करविली. त्यांच्याइतका शोक या घाटानें क्वचितच पाहिला असेल. १७६१ च्या एकाच वर्षांत पानिपतावर विश्वासराव गेले आणि मागोमाग पति नानासाहेब. १७७२ सालीं माधवराव क्षयानें गेले. १७७३ सालीं नारायणरावांचा शनिवारवाड्यांत खून झाला. नाशिकजवळ गंगापुरास राहणाऱ्या या पेशव्यांच्या मातेनें त्यानंतर पंचवटींत भिक्षा मागून दिवस काढले, असें सांगतात. १७८८ सालीं त्या नाशिकासच वारल्या. त्या खुनाबद्दल रामशास्त्र्यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दादांनीं तें घेतलें नाहीं. ज्यांचा कांहींच अपराध नव्हता त्यांच्या वांट्याला भिक्षापात्र आलें.

हा उफराटा न्याय एकट्या गोपिकाबाईंचा नव्हे. पुत्राचें उत्तरीय दहा दिवसांचें; ब्राह्मण विधवेचें आलवण जन्माचें. तांबडें किंवा पांढरें, भरड, बिनकांठाचें तें लुगडें, अंगांत चोळी नाहीं, डोक्यावर केंस नाहींत. नांव शोकाचें, पण भोगावयाचें तें प्रायश्चित्त. आणि पाप कोणतें, हें आठ-दहा वर्षांच्या पोरीला कोणी सांगत नसे. १८५६ च्या कायद्यानें पुनर्विवाहाला परवानगी दिली, पण आलवण घरांतच राहिलें. त्याला खरा धक्का इतरत्र बसला. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा ठराव केला. शास्त्र्यांना जें सुचलें नाहीं तें त्यांना सुचलें. १८९६ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं पुण्यास विधवांसाठीं आश्रम काढला.

आलवण नेसलेली स्त्री आज रामकुंडावर दिसत नाहीं. मांजरपाटाची पट्टी मात्र अजून फाडली जाते, आणि दहाव्या दिवशीं उतरविली जाते.