डिस्क गोल्फ : खेळतंत्र आणि सराव

प्लॅस्टिकची चकती ठरावीक जागेवरून फेकत कमीत कमी फेकींत खांबावरच्या टोपलीत पोचवणे, असे डिस्क गोल्फ या मैदानी खेळाचे स्वरूप आहे. पहिली फेक टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून होते. पुढची प्रत्येक फेक आधीची चकती जिथे थांबली तिथून होते. टीपासून टोपलीपर्यंतच्या टप्प्याला होल म्हणतात. एका फेरीत बहुधा १८ होल असतात आणि सर्वांत कमी फेकींत फेरी पूर्ण करणारा जिंकतो. या खेळाला अमेरिकेत १९७०च्या दशकात आजचे रूप आले. व्हॅम-ओ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. त्यांनीच १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन (पीडीजीए) ही संस्था स्थापन केली आणि लोंबत्या साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट १९७७ मध्ये मिळवले.

नवशिक्याचे लक्ष सहसा लांब फेकीकडे जाते. गुणफलक मात्र चकतीची योग्य निवड, फेकीचा कोन, टोपलीजवळची अचूकता आणि मैदानावरचे निर्णय यांनी अधिक सुधारतो. हातातली ताकद या गोष्टी साधल्यानंतर उपयोगी पडते.

चकत्यांची निवड : चकत्यांचे मुख्य प्रकार तीन आहेत. पुटरची कड जाड व बोथट असते, तो हळू आणि सरळ जातो. मिडरेंज मध्यम अंतरासाठी वापरतात. ड्रायव्हरची कड रुंद व धारदार असते, तो वेगाने फेकला तरच नीट उडतो. उतरत्या कडेची चकती १९८३ पासून, इनोव्हा कंपनीच्या ‘ईगल’पासून, प्रचारात आली आणि फेकीची अंतरे एकदम वाढली. चकतीचा व्यास साधारण २१ सेंटिमीटर आणि वजन १५० ते १८० ग्रॅम असते. नियमाप्रमाणे दर सेंटिमीटर व्यासामागे ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही.

अनेक चकत्यांवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा हवेत तरंगण्याच्या क्षमतेचा, तिसरा वेगात असताना चकती किती वळते याचा आणि चौथा वेग ओसरल्यावर ती शेवटी किती कलते याचा. पुटरचा वेगांक साधारण १ ते ३, मिडरेंजचा ४ ते ५ आणि लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचा १० च्या पुढे असतो. वेगांक जितका मोठा, तितका हाताचा वेग जास्त लागतो. तो नसेल तर चकती लवकर खाली येते आणि एका बाजूला पडते. म्हणून सुरुवातीला एक पुटर, एक मिडरेंज आणि ६ ते ७ वेगांकाचा हलका ड्रायव्हर पुरतो. थोड्या चकत्या नीट ओळखीच्या असणे, पिशवीभर अनोळखी चकत्या असण्यापेक्षा हिताचे.

उड्डाणाचे तत्त्व : चकतीला स्थिरता तिच्या फिरकीमुळे मिळते. फिरत्या भोवऱ्याप्रमाणेच तिच्यावर कलवणारा जोर आला की त्याचा परिणाम फिरण्याच्या दिशेने ९० अंश पुढे दिसतो. उजव्या हाताने बॅकहँड (हात शरीरासमोरून ओढून) फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग असताना ती सरळ राहते किंवा काहीशी उजवीकडे वळते. वेग ओसरला की हवेचा जोर तिची पुढची कड उचलू लागतो, त्याचा परिणाम उजवी बाजू वर येण्यात होतो आणि चकती डावीकडे कलून उतरते. फोरहँड (फेकणाऱ्या हाताच्याच बाजूने केलेल्या) फेकीत फिरकी उलटी असल्याने शेवटचा कल उजवीकडे असतो. डावखुऱ्या खेळाडूसाठी या सर्व दिशा उलट होतात.

बॅकहँड फेक : लांब फेकीसाठी चारही बोटे कडेच्या आतून घट्ट व अंगठा वर अशी पकड घेतात. जवळच्या फेकीसाठी बोटे खालच्या पृष्ठभागावर पसरतात. टीवर उजव्या हाताचा खेळाडू उजवे पाऊल टाकतो, डावे त्याच्यामागून तिरके नेतो आणि पुन्हा उजवे पाऊल रोवतो. या रोवलेल्या पायावर शरीराची पुढची गती अडते आणि ती कंबर, खांदा, कोपर, मनगट या क्रमाने चकतीपर्यंत जाते. हात मागे नेताना चकती छातीच्या उंचीवर ठेवावी आणि पुढे ओढताना ती छातीजवळून सरळ रेषेत आणावी. ती शरीराभोवती गोल फिरली तर उशिरा सुटते आणि दिशा चुकते. सुटल्यावर हात थांबवू नये, शरीर पूर्ण वळू द्यावे.

पुढची कड वर उचलली जाणे हे अंतर कमी होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. अशी चकती उंच चढते, थबकते आणि बाजूला पडते. उपाय म्हणजे मनगट किंचित खाली झुकवणे, वजन पुढच्या पायावर आणणे आणि उंची चकतीच्या कडेने न देता हाताच्या मार्गाने देणे.

कोन : चकतीची बाहेरची कड खाली ठेवून केलेल्या फेकीला हायझर, वर ठेवून केलेल्या फेकीला अॅनहायझर म्हणतात. हायझर शेवटच्या कलाच्याच दिशेने जाते. त्यामुळे तिचा अंदाज बांधणे सोपे असते आणि तीच आधी शिकावी. अॅनहायझर उलट बाजूला वळण घेते व झाडाला वळसा घालायला कामी येते. एकाच चकतीने हायझर, सपाट आणि अॅनहायझर असे तीन मार्ग काढता आले की पिशवीतली चकत्यांची संख्या आपोआप कमी होते. बॅकहँडच्या जोडीला फोरहँड आली तर दोन्ही दिशांना कल मिळतो. तिच्यात कोपर शरीराजवळ ठेवून मनगटाचा झटका द्यावा, तळवा आकाशाकडे राहावा.

पुट : टोपलीपासून १० मीटरांच्या आतील फेक म्हणजे पुट. या वर्तुळात चकती सुटल्यावर खेळाडूने आधीची चकती थांबलेल्या जागेच्या खुणेमागे तोल सावरलेला दाखवावा लागतो. तोल जाऊन पुढे पाऊल पडले तर एका फेकीचा दंड बसतो. वर्तुळाबाहेर मात्र चकती हातातून सुटल्यावर पाऊल पुढे पडले तरी चालते. पुट दोन पद्धतींनी करतात. फिरकी पुटमध्ये मनगटाने जास्त फिरकी देऊन चकती सपाट व वेगाने जाते. ढकल पुटमध्ये फिरकी कमी असते आणि चकती पायांच्या जोराने कमानीत जाते. जोरदार वाऱ्यात पहिली अधिक भरवशाची ठरते, तर दुसऱ्या पद्धतीत चुकलेली चकती टोपलीपासून फार लांब जात नाही. कोणतीही एक निवडून तीच पक्की करावी. संपूर्ण टोपलीकडे न पाहता साखळीची एखादी कडी हेरणे आणि प्रत्येक पुटापूर्वी तोच क्रम पाळणे याने अचूकता टिकते.

वारा : समोरच्या वाऱ्यात चकतीभोवतीच्या हवेचा वेग वाढतो आणि ती जणू अधिक जोराने फेकल्यासारखी वळते. तेव्हा वजनदार, शेवटी जास्त कलणारी चकती कमी उंचीवरून फेकावी. पाठीमागच्या वाऱ्यात ती लवकर खाली येऊन जास्त कलते, म्हणून हलकी व वेगात वळणारी चकती थोडी उंच फेकावी. वाऱ्याचा हिस्सा किती मोठा असू शकतो हे २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्स ज्युनिअर यांनी वाऱ्याच्या साथीने केलेल्या ३३८ मीटरांच्या विक्रमी फेकीवरून दिसते. पुट करताना समोरचा वारा चकती उचलतो, तेव्हा नेम थोडा खाली धरावा. मागच्या वाऱ्यात तो थोडा वर धरावा.

मैदानावरील निर्णय : फेकण्यापूर्वी चकती कुठे थांबली तर पुढची फेक सोपी होईल, हे ठरवावे. झाडीत अडकल्यास अरुंद फटीतून टोपलीकडे जाण्याच्या मोहापेक्षा एका फेकीत मोकळ्या जागी येणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. सीमेबाहेर गेलेल्या चकतीला एका फेकीचा दंड असल्याने पाणी किंवा रस्ता जवळ असेल तर सुरक्षित बाजूला नेम धरावा. मधल्या अंतरावरची फेकही निर्णायक असते. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत ऑग्डेन येथे जेम्स कॉनरॅड यांनी अखेरच्या होलवर सुमारे ७५ मीटरांवरून थेट टोपली गाठून प्रतिस्पर्धी पॉल मॅकबेथ यांच्याशी बरोबरी केली आणि अतिरिक्त होलवर विजेतेपद मिळवले.

सराव : मोकळ्या मैदानावर एकाच साच्याच्या चार-पाच चकत्या एकाच कोनाने फेकल्या की फरक चकतीचा की हाताचा, हे कळते. ड्रायव्हरऐवजी पुटर सरळ फेकण्याचा सराव केला तर तंत्रातले दोष उघड होतात, कारण पुटर चुकीचा कोन झाकत नाही. पुटसाठी ५ मीटरांपासून सुरुवात करून बहुतेक चकत्या आत जाऊ लागल्यावरच अंतर वाढवावे. थोडा पण नियमित सराव एका दिवसाच्या लांबलचक सरावापेक्षा फलदायी असतो. खांदा, कोपर आणि कंबर यांवर ताण येत असल्याने आधी शरीर मोकळे करावे, पहिल्या फेकी कमी जोराने कराव्यात आणि कोपर दुखू लागल्यास थांबावे. कोणाच्या दिशेने चकती गेली तर ‘फोर’ असे मोठ्याने ओरडून सावध करणे प्रत्येक खेळाडूचे कर्तव्य आहे.