अश्वरोगनिदान : रक्तनमुन्यांची साठवण

घोड्याच्या रोगाचे निदान रक्तावरून करताना परीक्षेइतकेच महत्त्व, नमुना घेतल्यापासून तो तपासला जाईपर्यंतच्या साठवणीला असते. रोगकारक भिन्न असल्याने साठवणीचा एकच नियम सर्व रोगांना लागू पडत नाही. भारतातील अश्वरोगांच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते.

ग्रिफिथ एव्हान्झ यांनी १८८० मध्ये डेरा इस्माइलखान येथे सरा रोगाने पछाडलेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारे परजीवी पाहिले. जॉन हेन्री स्टील यांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील खेचरांच्या रक्तात आढळलेल्या परजीवीला एव्हान्झ यांचे नाव दिले. परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे स्टील हे पहिले प्राचार्य होत. पुण्याच्या सायन्स कॉलेजात सुरू झालेल्या सरकारी सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सरा रोगावर संशोधन केले. ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविण्यात आली. उष्ण हवेत ठेवलेल्या रक्तात हे परजीवी काही तासांतच मरतात व त्यांची हालचाल दिसत नाही. म्हणून रक्त जागच्या जागी तपासतात अथवा काचपट्टीवर त्याचा पातळ लेप करून, तो मिथिल अल्कोहॉलाने स्थिर करून पाठवितात.

भारतात १९६० मध्ये साथ आलेल्या आफ्रिकी अश्वरोगाचा व्हायरस याउलट ४° से. तापमानात दीर्घकाल टिकतो. मात्र –२०° ते –३०° से. तापमानात त्याचा लवकर नाश होतो. गोठविलेला नमुना नेहमीच सुरक्षित असतो, हा समज येथे खरा ठरत नाही.

ग्लँडर्स ऊर्फ शेंबा या रोगात पूरक-बंधन परीक्षेने रक्तरसातील प्रतिपिंडे शोधतात. त्यासाठी रक्त साखळल्यावर रक्तरस वेगळा करून थंड ठेवावा लागतो. न वेगळे केलेले रक्त गोठल्यास किंवा तापल्यास तांबड्या कोशिका फुटतात. असा किंवा जंतुदूषित रक्तरस प्रतिपिंडांवाचूनही पूरक द्रव्य निष्क्रिय करू शकतो व परीक्षेचा निर्णय देता येत नाही. १८९९ च्या ग्लँडर्स व फार्सी अधिनियमान्वये रोगग्रस्त घोडा मारण्यात येई. त्याची जागा घेणाऱ्या २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक अधिनियमाखालीही ही तरतूद आहे. महाराष्ट्रात २००६ मध्ये हा रोग पुन्हा उद्‌भवला. तो माणसालाही होतो व प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे बिघडलेल्या नमुन्याने केवळ परीक्षा वाया जात नाही; रोगी घोडा निर्णयाविना तबेल्यात राहतो आणि निरोगी घोड्यावर पोट भरणाऱ्या मालकाचा धंदाही पुनर्तपासणी होईपर्यंत बंद पडतो.