सर्पगंधेची मुळी आणि मनाचे औषध

१९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मुंबईच्या एका डॉक्टरांचा लेख प्रसिद्ध झाला. लेखक होते हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील, परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित, वय अवघे अडतीस. उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना त्यांनी सर्पगंधेची मुळी औषध म्हणून दिली आणि दाब किती उतरला याची नोंद ठेवली. लेख छोटा होता, भाषा मोजूनमापून वापरलेली. पण भारतीय वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या या मुळीची पाश्चात्त्य डॉक्टरांनी गंभीरपणे दखल घेतली ती या लेखानंतर. पुढच्या सात-आठ वर्षांत तिने रक्तदाबाच्या उपचारात बदल घडवलाच, शिवाय मनाच्या आजारांकडे पाहण्याची डॉक्टरांची नजरही बदलली.

सर्पगंधेचे झुडूप जेमतेम गुडघाभर ते कमरेइतके उंच वाढते. फुले पांढरी-गुलाबी, फळ पिकले की काळपट जांभळे. औषधी असते ती मुळी, चवीला अत्यंत कडू. साप चावला, ताप चढला, पोट बिघडले की ती उगाळून देण्याची रीत होती. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात सर्पविषावर चालणाऱ्या एका लाकडाचे वर्णन केले आहे. ती सर्पगंधाच असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. बिहारमध्ये मात्र मुळीची ख्याती वेगळीच होती. तिथल्या बाजारात ती 'पागल की दवा' म्हणूनच विकली जाई. घरातले माणूस रात्ररात्र झोपेना, बडबड थांबेना, अंगावर धावून जाऊ लागले, की मुळीची पूड द्यायची. माणूस निवळायचे, झोपायचे.

हे लोकज्ञान कागदावर आणले कलकत्त्याच्या दोघांनी. कविराज गणनाथ सेन आणि डॉक्टर कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये एका भारतीय वैद्यकीय मासिकात लिहिले की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर, दोन्हींवर गुणकारी आहे. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइड वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले. १९३४ मध्ये हिमालया कंपनीने 'सर्पिना' या नावाने तिच्या गोळ्या बाजारात आणल्या. म्हणजे वकिलांचा लेख येण्याआधी भारतात जवळजवळ दोन दशके हे काम चालू होते. जगाने ते वाचले नव्हते, एवढेच.

त्या काळात मनाचा तोल गेलेल्या माणसापुढे पर्याय कोणते होते, हे लक्षात घेतल्याशिवाय या मुळीची किंमत कळत नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून चालू होते. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्यानुसार तिथे पोहोचण्याची वाट बहुतेकदा न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमातून जाई. जे तिथे जात नसत ते नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला नेले जात, नाहीतर घरातल्या मागच्या खोलीत राहत. पाश्चात्त्य देशांतही चित्र फारसे बरे नव्हते. इन्सुलिनचे मोठे डोस देऊन बेशुद्ध करणे, १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेले विजेचे झटके, आणि मेंदूचा पुढचा भाग कापून अलग करणारी शस्त्रक्रिया. या शस्त्रक्रियेच्या जनकाला, पोर्तुगालच्या एगाश मोनीझ यांना, १९४९ मध्येच नोबेल मिळाले. वकिलांचा लेख त्याच वर्षीचा, हे पाहिले की काळाचा तो सांधा डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळीतले मुख्य द्रव्य हाती लागले. त्याचे नाव रिसर्पीन. याच सुमारास अहमदाबादचे डॉक्टर आर. ए. हकीम मनोरुग्णांवर ही मुळी वापरून पाहत होते. भारतातल्या या अनुभवांची माहिती मिळाल्यावर न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने तिथल्या रुग्णांना ती दिली आणि १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. त्या वॉर्डांची एक हकीकत पुढे अनेकांनी सांगितली. औषधाचा परिणाम सर्वांत आधी जाणवलेल्यांत रुग्णालयाचा काचकाम करणारा माणूस होता, कारण फुटलेल्या खिडक्यांच्या काचा बसवण्याचे त्याचे काम कमी झाले होते. वॉर्डात शांतता आली होती. आणि ही शांतता बेड्यांनी लादलेली नव्हती.

१९५५ मध्ये लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेफर्ड यांनी आणखी एक महत्त्वाचे पाऊल उचलले. त्यांचे रुग्ण काचा फोडणारे नव्हते. सतत धास्तावलेली, खचलेली, पण समाजात वावरणारी अशी ही ५४ माणसे होती. कोणाला रिसर्पीन द्यायचे आणि कोणाला औषध नसलेली हुबेहूब गोळी, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. औषध घेणाऱ्यांची चिंता आणि खिन्नता खरोखर कमी झाली. मनोविकारांवरच्या औषधांची इतक्या काटेकोरपणे झालेली ही अगदी सुरुवातीची चाचणी. तिचे खरे मोल असे, की घालमेल, छातीतली धडधड, उगाच वाटणारी भीती यांना 'स्वभाव' म्हणून सोडून न देता उपचाराच्या कक्षेत घेतले गेले.

पण याच सुमारास रक्तदाबाच्या रुग्णांकडून वेगळ्याच तक्रारी येऊ लागल्या. दाब उतरला, पण काही जण महिन्यागणिक उदास होत गेले. रडू येई, कशातच रस वाटेना, काहींच्या मनात मरणाचे विचार आले. हे खरेच औषधामुळे घडले की योगायोग होता, यावर संशोधकांचे आजही एकमत नाही. मॉड्सलीची चाचणी तर उलट बाजूने बोलते. तरी त्या नोंदींनी एक मोठा प्रश्न उभा केला: एक गोळी मन शांत करते आणि कदाचित तीच ते खचवतेही, तर मेंदूत नेमके काय बदलते? अमेरिकेतल्या बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने १९५५ मध्ये दाखवले की रिसर्पीनने मेंदूतला सिरोटोनिन या रसायनाचा साठा रिता होतो. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रिसर्पीन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. त्यातून डोपामीनचे महत्त्व कळले, पार्किन्सनच्या उपचाराची दिशा मिळाली आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. मनःस्थितीमागे शरीराचे रसायन असते, हा विचार प्रयोगशाळेत रुजला तो बऱ्याच अंशी या कडू मुळीमुळे. १९५७ मध्ये अमेरिकेच्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लाइन आणि इतरांसोबत मुंबईचे रुस्तम वकील होते. वैद्यक शिकणाऱ्या आजच्या मराठी मुलामुलींना हे नाव पाठ असायला हवे. ते तसे नाही, याची खंत वाटते.

उन्माद आणि खिन्नता यांच्या टोकांमध्ये आळीपाळीने फेकल्या जाणाऱ्यांसाठी, म्हणजे बायपोलर आजाराच्या रुग्णांसाठी, खरा आधार दुसरीकडून आला. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी, तेही १९४९ मध्येच, लिथियमच्या क्षाराने उन्माद उतरतो असे लिहिले. मात्र औषध आणि विष यांच्यात अंतर फार थोडे होते आणि काही रुग्ण दगावले. रक्तातले लिथियम नियमित मोजण्याची रीत बसली तेव्हाच ते सुरक्षितपणे देता येऊ लागले. आजही लिथियम घेणाऱ्याला ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावे लागते.

सर्पगंधेबाबतही असाच एक इशारा देणे भाग आहे. सर्पगंधेची पूड आजही बाजारात मिळते आणि 'जडीबुटीच ती, काय अपाय होणार' असे म्हणून घेतली जाते. रिसर्पीन हे जोरकस रसायन आहे. ते रक्तदाब एकदम उतरवू शकते, इतर औषधांशी त्याची गाठ पडली तर घोटाळा होतो, आणि आधीच खचलेल्या माणसाने तर त्यापासून लांबच राहावे. त्याहून चांगली औषधे आल्यामुळे मनोविकारांवर त्याचा वापर जवळपास थांबला आहे. शिवाय बेसुमार खोदाईमुळे रानातली सर्पगंधा विरळ झाली आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता निर्बंधांखाली आहे.

मग डॉक्टरांकडे जायचे कधी? मन वरखाली होणे हा आजार नव्हे. परीक्षा, नोकरी, घरातला मृत्यू यांनी कोणाचेही मन हलते आणि काही दिवसांत सावरते. पण उदासी सलग दोन आठवडे हटत नसेल, झोप-भूक-काम बिघडले असेल, तर थांबू नये. दोन-तीन तासच झोप होऊनही थकवा नाही, बोलण्याचा वेग आवरत नाही, पैसा वारेमाप उधळला जातो, आपल्याला सगळे शक्य आहे असे वाटते, असे काही दिवस चालले तर तेही तितकेच गंभीर. अशा माणसाला स्वतःला बरेच वाटत असते, त्यामुळे पाऊल घरच्यांनी उचलावे लागते. छातीत धडधडून जीव जातोय असे वाटले तर आधी हृदय आणि थायरॉइड तपासून घ्यावे. अहवाल ठीक आले म्हणजे त्रास खोटा ठरत नाही. तो चिंतेचा असू शकतो आणि त्यावर उपचार आहे. डॉक्टरांना खिन्नतेसोबत पूर्वीचे 'उडते' दिवसही आवर्जून सांगावेत, कारण बायपोलर आजारात नुसती नैराश्याची गोळी उन्माद चाळवू शकते. झोपेची वेळ ठरलेली ठेवणे, दारू टाळणे, रोजची मनःस्थिती वहीत टिपणे यांचा खूप उपयोग होतो, पण औषध चालू ठेवून.

देवऋषाकडे नेऊन साखळीने बांधणे, मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास बंदी केली. तरीही २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले की सुमारे दहा टक्के प्रौढांना मानसिक आजार आहे आणि आजारानुसार त्यांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत. औषध हाताशी आहे, माणूस त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. सेन, बोस, वकील, हकीम यांनी एवढे कष्ट उपसले ते यासाठी नव्हे.

स्वतःच्या किंवा जवळच्या कोणाच्या मनात मरणाचे विचार येत असतील, तर उद्यावर ढकलू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि जवळच्या रुग्णालयात न्या. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, फोन चोवीस तास आणि मोफत, बोलणे मराठीतही होते.