हिमाचा साठा आणि तापीचे पाणी

हिवाळ्यात साठविलेल्या बर्फाने उन्हाळ्यात विद्युत्केंद्रे थंड ठेवावीत, ही कल्पना ऐकताच हसू येते. परंतु ती सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही. स्वीडनमधील सुंड्सवालचे रुग्णालय २००० सालापासून लाकडाच्या ढलप्यांखाली जपलेल्या बर्फावर उन्हाळ्यात गारवा मिळवीत आले आहे. सुरतेच्या हिवाळ्याने मात्र कधी बर्फ दिला नाही. आपल्या देशातील बंदरांत तो आला, तो सातासमुद्रापलीकडून.

१८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर यांनी बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईतही बर्फ उतरला आणि श्रीमंतांच्या ताटात आइस्क्रीम आले. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि हा व्यापार विरघळून गेला.

तेच १०० टन मी एकदा काक्रापारच्या हिशेबात मांडून पाहिले. त्या वेळच्या सुरत जिल्ह्यातील (२००७ पासून तापी जिल्ह्यातील) या अणुकेंद्राचा २२० मेगावॅटचा पहिला संच १९९३ साली व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागला. असा संच विजेच्या दुपटीहून अधिक उष्णता बाहेर टाकतो. ती केवळ बर्फ वितळवून शोषायची, तर दर सेकंदास सुमारे दीड टन बर्फ लागेल. ‘टस्कनी’चा सारा ठेवा जेमतेम एक मिनिट पुरता!

सुरतेच्या मुलखाचा खरा साठा पावसाळ्याचा आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तिच्या सुमारे सातपट उष्णता एक किलो पाणी वाफ होताना घेते. शीतक मनोऱ्यांचे सारे सामर्थ्य याच गुणात आहे. मात्र वितळलेले पाणी हाती राहते, वाफ झालेले राहत नाही. आणि तापीच्या त्याच पाण्यावर शेते, गिरण्या व सुरतेचे नळ विसंबून आहेत.

हे पाणी साठविण्याचेही मोल पडले. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा महाराष्ट्रातही, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शिरला. दोन्ही राज्यांतील आदिवासींची गावे पाण्याखाली गेली. गारव्याच्या इतिहासात ट्यूडर यांचे नाव आहे. या गावांची नावे मला त्यात कोठे आढळली नाहीत.