खाऱ्या पाण्यासाठी पहिली होडी : जुन्या नौकेच्या पारखीची प्रस्तावना

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. इथल्या कुणी खाडीत मासेमारीसाठी जुनी होडी घ्यायचे मनात आणले, की घरची माणसे आधी विचारतात, समुद्र आहे कुठे? वाचकांनी या प्रश्नाचे उत्तर नदीच्या वाटेने शोधावे. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि कल्याणच्या परिसरात उल्हासला भरतीचे पाणी भेटते. पुढे तिची मुख्य धार घोडबंदरवरून वसईच्या खाडीला जाते. माळशेजच्या कड्यावर पडलेला पाऊस असा खाऱ्या पाण्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे आपल्या नद्यांच्या शेवटाशीच बोय, जिताडा आणि चिंबोरी यांचे पाणी सुरू होते.

हे नाते जुने आहे. मुरबाडच्या हद्दीवरचा नाणेघाट सातवाहनांच्या काळी जुन्नरला कोकणातील बंदरांशी जोडत होता आणि त्या बंदरांत कल्याण होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, कल्याणचा उल्लेख येतो. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची उभारणी याच खाडीच्या आधाराने सुरू झाली. आपल्या डोंगरांच्या पायथ्याशी नौकाबांधणीची एवढी मोठी परंपरा आहे, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते.

या परंपरेचा अभ्यासही झाला आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात नौकांचे प्रकार आणि त्यांच्या लाकडाचे गुण सांगितले आहेत. समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, चुंबकी खडक ती ओढून घेतील, असा इशाराही त्यात आहे. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी 1920 मध्ये भारतीय नौकांच्या घडणीवर विस्तृत निबंध लिहिला. पहिली होडी घेणाऱ्याने हे सारे वाचलेच पाहिजे असे नाही. पण ज्या वस्तूवर एवढा विचार झाला आहे ती घाईने घेऊ नये, एवढे यातून नक्की समजते.

पारख म्हणजे काय, हे मुरबाडकरांना वेगळे सांगायला नको. म्हशाच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी रंग पाहून पैसे मोजत नाही. तो दात बघतो, खूर बघतो, बैल चालवून बघतो. होडीचेही असेच आहे. फरक एवढाच की होडीच्या बाबतीत काय बघायचे ते खारे पाणी ठरवते. खारे पाणी लाकडाचे, लोखंडाचे आणि इंजिनाचे काय करते हे एकदा कळले, की जुन्या होडीचे वय आणि तिची झालेली निगा तुम्हाला तिच्या अंगावरच दिसू लागते. या विषयात शिरण्याची माझ्या मते हीच योग्य वाट आहे.

लाकडी होडीपासून सुरुवात करू. साग आपल्या रानात वाढतो आणि त्याचे गुण आपल्याला घराच्या वाशांवरून माहीत असतात. समुद्रातही तो टिकतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात 1817 मध्ये बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही जपलेली आहे. पण साग आहे एवढ्यावर होडी घेऊ नका. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. लोक त्याला किडा म्हणतात, प्रत्यक्षात तो शिंपल्याच्या कुळातला आहे. तो टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत लांब बोगदे करतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. म्हणून होडीच्या बुडाला हातोडीच्या दांड्याने जागोजागी ठोकावे आणि आवाज ऐकावा. भरीव लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले पोकळ. शंका आली तिथे दाभण टोचून बघावा.

गोड्या पाण्याचे उलटे असते. हा जीव गोड्या पाण्यात तग धरत नाही, पण होडीत साचून राहिलेले पावसाचे पाणी लाकूड कुजवते. त्यामुळे बुडाच्या आतल्या कोपऱ्यांत, आडव्या वाशांच्या खाली, जिथे पाणी बसून राहते तिथे दाभण आधी लावावा. मग खिळ्यांकडे वळावे. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळे पडून मऊ झाले असेल, तर गंजाने आपले काम सुरू केले आहे. ‘युक्तिकल्पतरू’ने दिलेले कारण आज आपण मानणार नाही, तरी खाऱ्या पाण्यात लोखंडावर नजर ठेवावी हे खरेच. फळ्यांच्या सांध्यांत ठासलेला कापूस आणि वरची राळ सुटली असेल तर घाबरू नका. ते काम दर काही काळाने करावेच लागते आणि चांगला मिस्त्री ते नीट करून देतो. कण्याला पडलेला बाक मात्र दुरुस्तीच्या भरवशावर घेऊ नये.

हल्ली बाजारात फायबरच्या होड्या अधिक दिसतात. त्या किडत नाहीत, म्हणून नवखा माणूस निर्धास्त होतो. फायबरच्या थरांमध्ये अनेकदा प्लायवूड असते, विशेषतः इंजिन बसवतात त्या मागच्या फळीत. बोल्टच्या भोकांतून पाणी आत गेले की ते प्लायवूड सडते आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहतो. इंजिन हाताने वर-खाली दाबून पाहा, मागची फळी हलली तर होडी सोडून द्या. अंगावर फोड किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर त्या कुठे आहेत ते बघा. ताण येतो अशा जागी त्या असल्या तर गोष्ट गंभीर आहे.

धरणाच्या पाण्यात वापरलेली होडी आपल्या भागात स्वस्तात मिळू शकते. तिचे अंग निरोगी असण्याची शक्यता चांगली, पण तिचे खिळे, बिजागऱ्या आणि इंजिन खाऱ्या पाण्यासाठी निवडलेले नसतात. ते बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावीत.

इंजिनाबद्दल थोडक्यात. विक्रेत्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका, आणि गेल्यावर हात लावून ते थंड असल्याची खात्री करा. थंड इंजिन किती सहज सुरू होते ते बघायचे आहे. आउटबोर्ड असेल तर थंडाव्याच्या पाण्याची धार सतत पडली पाहिजे. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. जस्ताचे तुकडे बसवले आहेत का आणि ते झिजले आहेत का, तेही पाहा. खारे पाणी आधी जस्त खाते आणि त्यामुळे बाकीचा धातू वाचतो. झिजलेले जस्त ही चांगली खूण आहे, मुळीच नसलेले जस्त वाईट.

होडी कोणत्या पाण्यात न्यायची हे मात्र बाजारात जाण्याआधी ठरवा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. ओहोटीला खाडीतली होडी चिखलात बसते. तिथे सपाट, रुंद बुडाची, कमी पाण्यात चालणारी होडी बरी. खाडीच्या मुखाबाहेर जायचे असेल तर उंच काठांची आणि लाट कापणारी नाळ हवी. दोन्ही कामे सारखीच छान करणारी लहान होडी शोधण्यात नवख्यांचे फार दिवस जातात.

बघायला जायचा उत्तम काळ पावसाळ्याचा. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. पाण्यात जे बूड दिसत नाही ते तेव्हा दिसते. पाण्यावरची चाचणी मात्र नारळी पौर्णिमेनंतर, विसार देण्याआधी घ्यावी. नोंदणी आणि 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालचा परवाना विक्रेत्याच्याच नावावर आहे ना, आणि इंजिनावरचा क्रमांक कागदाशी जुळतो ना, हे पैसे देण्यापूर्वी पडताळावे.

चाचणीला किनाऱ्यावरचा एखादा अनुभवी तांडेल सोबत असू द्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे आधीच ठरवा. सुकाणू तो धरील. तुम्ही बुडाजवळ बसून पाणी कुठून येते ते बघा. होडी कशी वाटली हे त्याला विक्रेत्यासमोर विचारू नका. एका किनाऱ्यावरची माणसे एकमेकांच्या होडीला तोंडावर नावे ठेवत नाहीत. परतीच्या वाटेवर, चहाला थांबल्यावर विचारा.